शोभेच्या दारूत निळा रंग इतका अवघड का, आणि त्यासाठी तांबं कुठलं निवडतात

शोभेची दारू बघायला गर्दीत उभं राहिलं की लाल, सोनेरी आणि रुपेरी रंगांची रेलचेल असते. गडद, मनात भरणारा निळा मात्र सहसा दिसत नाही. दिसलाच तर तो राखाडीकडे झुकलेला असतो, जांभळट असतो, किंवा इतका मंद असतो की शेजारी फुटलेल्या सोनेरी फुलात विरून जातो. कारखानदार काटकसर करत असावेत, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. निळ्यासाठी तांबं लागतं आणि ते काही दुर्मीळ नाही. अडचण आहे ती रसायनाची, आणि ती इतकी चिवट आहे की जगभरचे दारूकाम करणारे आजही निळ्या रंगावरून एकमेकांचं कसब जोखतात.

मधल्या काही वर्षांत फटाक्यांतली रसायनं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ३१ जुलै २०१७ च्या आदेशाने फटाक्यांत शिसं, पारा, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम वापरायला मनाई झाली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने बेरियमचे क्षारही बंद केले, आणि २०२१ मध्ये न्यायालयाला ते पुन्हा बजावून सांगावं लागलं. ही नावं दर दिवाळीला बातम्यांत येतात, पण ती फटाक्यात गेली कशासाठी हे क्वचितच सांगितलं जातं. त्यांतल्या दोन नावांचा, आर्सेनिक आणि पाऱ्याचा, निळ्या रंगाशी जवळचा संबंध आहे. त्यामुळे निळा रंग समजून घेतला की त्या बंदीमागचं बरंचसं कारणही समजतं.

रंग येतो कुठून

आकाशात फुटणाऱ्या गोळ्यात रंगीत दारूच्या लहान लहान गोळ्या भरलेल्या असतात. कारखान्यात त्यांना स्टार म्हणतात. प्रत्येक गोळी पेटते आणि जळत खाली येते. आपल्याला दिसणारी रंगाची रेघ म्हणजे त्या गोळीची ज्वाळा.

ज्वाळेतून रंग दोन वाटांनी येतो. पहिली वाट तापून चमकण्याची. लोखंडाचा कीस किंवा कोळशाचा कण तापला की तो आधी तांबूस, मग पिवळसर, मग पांढरा दिसतो. फुलबाजी आणि झाड यांतल्या ठिणग्या याच वाटेने चमकतात. आपल्याकडचं जुनं दारूकाम सोरा, गंधक, कोळसा आणि लोखंडाचा कीस यांच्यावर उभं होतं, म्हणून त्याचा रंग सोनेरी. सांगली जिल्ह्यात कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीसमोर जे दारूकाम होतं, ते बघितलेल्यांना हा सोनेरी झोत वेगळा सांगायला नको.

दुसरी वाट वाफेची. काही धातूंची संयुगं ज्वाळेत वायुरूप होतात. उष्णतेने त्यांच्यातले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात आणि परत खाली येताना ठरावीक रंगाचाच प्रकाश सोडतात. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. सोडियम ५८९ वर पिवळा प्रकाश देतो. स्ट्रॉन्शियमची संयुगं ६०० च्या पुढे लाल देतात. बेरियम आणि क्लोरिन यांचा रेणू ५०५ ते ५३५ च्या पट्ट्यात हिरवा देतो. निळ्यासाठी ४३० ते ४६० च्या आसपास भरपूर प्रकाश हवा. तो देणारा, स्वस्त आणि हाताळता येईल असा एकच रेणू गेली जवळपास दोनशे वर्षं वापरात आहे. त्यात तांब्याचा एक अणू असतो आणि क्लोरिनचा एक. यापुढे त्याला आपण तांबं-क्लोरिनची जोडी म्हणू.

मोरचूद निळं असतं, म्हणून ज्वाळा निळी होते का?

नाही, आणि सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. मोरचूदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, खडे निळे दिसतात, कारण पांढऱ्या उजेडातला लाल-नारिंगी भाग ते शोषून घेतात आणि उरलेला निळा आपल्याकडे परत येतो. ज्वाळेत असं काही घडत नाही. तिथे खडा शिल्लकच राहत नाही. तो फुटतो, वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून प्रकाश बाहेर पडतो. वस्तूचा रंग आणि तिच्या ज्वाळेचा रंग यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

पुरावा सोपा आहे. कॉपर ऑक्साइडची भुकटी काळी कुळकुळीत असते. कॉपर कार्बोनेट हिरवं असतं. दोन्हींपासून निळी ज्वाळा मिळते, आणि चांगली मिळते. कारण ज्वाळेत गेल्यावर सगळ्यांचं काम एकच, तांब्याचा अणू मोकळा करून द्यायचा. पुढचा रंग त्या अणूला कोण भेटतं यावर ठरतो.

त्याला हायड्रोजन आणि ऑक्सिजन भेटले तर कॉपर हायड्रॉक्साइडचा रेणू होतो आणि ५२५ ते ५५५ नॅनोमीटरच्या दरम्यान हिरवा प्रकाश येतो. नुसता ऑक्सिजन भेटला तर लालसर छटा येते. क्लोरिन भेटला तरच निळा. ज्वाळेत हे सगळे जण एकाच वेळी हजर असतात. त्यामुळे क्लोरिन थोडाथोडका असून भागत नाही. तो इतका हवा, की तांब्याच्या बहुतेक अणूंना तोच आधी मिळाला पाहिजे.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे प्रयोगशाळेत बघितलेलं असतं. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, ती अज्ञात पदार्थात बुडवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी-निळी झाली तर पदार्थात क्लोरिन किंवा त्याच्या गटातलं दुसरं मूलद्रव्य आहे. फ्रीडरिख बाइलश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये दिलेली ही परीक्षा आजही शिकवतात. भंगारात आलेल्या वायरी तांब्यासाठी जाळतात तेव्हा ज्वाळेला जी हिरवट-निळी झाक येते, तीही हीच. वायरीवरचं आवरण पीव्हीसीचं असतं आणि पीव्हीसीमध्ये भरपूर क्लोरिन असतो. तांबं, क्लोरिन आणि आग तिथे एकत्र येतात. निळ्या स्टारमध्येही हेच तीन घटक असतात. फक्त तिथे ते मोजूनमापून, हेतूने एकत्र आणलेले असतात. क्लोरिन पुरवायला कारखान्यातही पीव्हीसीची भुकटी किंवा क्लोरिन चढवलेलं रबर वापरतात.

मग ज्वाळा आणखी तापवली तर?

लाल आणि हिरव्या रंगांत हे चालतं. मिश्रणात मॅग्नेशियमची किंवा मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची भुकटी घातली की ज्वाळा भडकते आणि रंग लखलखीत होतो. मॅग्नेशियमची ज्वाळा सुमारे ३००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. निळ्याला हा उपाय लागू पडत नाही, कारण तांबं-क्लोरिनची जोडी नाजूक आहे. फार ताप झाला की ती तुटते. तांबं एकीकडे, क्लोरिन एकीकडे, आणि निळा गायब. वर मॅग्नेशियमच्या जळण्यातून पांढरे तापलेले कण तयार होतात. त्यांचा पांढरा प्रकाश उरल्यासुरल्या निळ्यालाही धुऊन टाकतो.

ताप कमी ठेवला तर जोडी टिकते, पण तिच्यातून प्रकाशच पुरेसा निघत नाही. शिवाय अर्धवट जळलेल्या कोळशाचे कण नारिंगी चमकतात आणि निळ्यात मिसळून त्याचा मळकट गुलाबी करतात. घरी लाडवांसाठी पाक केलेल्यांना हे पटकन कळेल. जरा आधी उतरवला तर लाडू वळत नाहीत, जरा उशीर झाला तर पाक दगड होतो, आणि मधली वेळ थोडीच असते. निळ्या ज्वाळेचा ताव असाच मधल्या अरुंद पट्टीत सांभाळावा लागतो. लाल रंग करणाऱ्याला ही पट्टी कितीतरी रुंद मिळते.

गॅसची शेगडी तर रोज निळी जळते!

ही शंका रास्त आहे. शेगडीची निळी ज्योत तांब्याची नसते. गॅसमधल्या कार्बन आणि हायड्रोजनचे अर्धवट तुटलेले, क्षणभर टिकणारे तुकडे तो निळा प्रकाश सोडतात. पण हा प्रकाश अगदी फिका असतो. दिवसाउजेडी शेगडीची ज्योत नीट दिसतसुद्धा नाही. शेगडीत गॅस आणि हवा आधी व्यवस्थित मिसळतात म्हणून काजळी होत नाही आणि हा फिका निळा तरी नजरेला पडतो. आकाशात दोनशे मीटरवर जळणाऱ्या घट्ट गोळीत अशी सोय करता येत नाही. तिथे काजळी आणि तापलेले कण असतातच, आणि त्यांच्यापुढे हा निळा टिकत नाही.

दुसरी एक समजूत अशी, की वस्तू तापत गेली की शेवटी निळी होते. आकाशातले सगळ्यात तप्त तारे निळसर दिसतात ना? तेही खरं आहे. व्याधाचा तारा निळसर-पांढरा दिसतो, पण त्याच्या पृष्ठभागाचं तापमान दहा हजार अंशांच्या जवळ आहे. दारूची कुठलीही ज्वाळा तिथवर पोचत नाही.

डोळाही निळ्याच्या बाजूने नाही

यात भर आपल्या डोळ्याची. चांगल्या उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्याला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो. ४५० च्या निळ्याला तो त्याच्या जेमतेम ४ टक्के प्रतिसाद देतो. म्हणजे हिरव्याइतकीच ऊर्जा निळ्या प्रकाशात ओतली तरी निळा खूप मंद वाटणार. त्यात सोडियमचा जरासा अंश शिरला की संपलंच. सोडियमचा ५८९ चा पिवळा डोळ्याला भरपूर दिसतो आणि पिवळा-निळा मिळून पांढुरका होतो. म्हणून निळ्या स्टारसाठी आणलेलं रसायन शुद्ध हवं, आणि त्याच्या आसपास सोडियमचा क्षार फिरकायला नको.

आता तांबं कुठलं घ्यायचं?

तांब्याचं कुठलंही संयुग शेवटी तोच अणू सोडणार असेल, तर सगळ्यात स्वस्त घ्यावं असं वाटणं साहजिक आहे. पण संयुगात तांब्याबरोबर आणखी कुणी तरी असतंच, आणि निवड त्या सोबत्याकडे बघून करावी लागते. तो ज्वाळा थंड करतो का? हवेतलं पाणी ओढतो का? आम्ल सोडतो का? मिश्रण कालवणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जाऊन काय करतो? माझ्या मते शेवटचा प्रश्न पहिला विचारला पाहिजे. इतिहासात तो बराच उशिरा विचारला गेला.

कॉपर ऑक्साइड, म्हणजे ती काळी भुकटी, या सगळ्यांत सरळमार्गी. वजनाच्या सुमारे ८० टक्के तांबं. त्यात पाणी नाही, आम्ल नाही, हवेतला ओलावा ती ओढत नाही, वर्षभर डब्यात ठेवली तरी बदलत नाही. भुकटी जड असल्याने नीट मिसळावी लागते, एवढाच त्रास.

कॉपर कार्बोनेटमध्ये तांबं सुमारे ५७ टक्के. भुकटी हलकी आणि बारीक असते, त्यामुळे मिश्रणात छान पसरते. तिचा एक मोठा गुण आहे. मिश्रणात कुठून आम्लाचा अंश आला तर कार्बोनेट त्याच्याशी संयोग पावून त्याला निष्प्रभ करतं. क्लोरेट, म्हणजे दारूला ऑक्सिजन पुरवणारा एक क्षार, असलेल्या मिश्रणात ही फार मोलाची गोष्ट आहे. ती का, ते पुढे येईलच.

कॉपर ऑक्सिक्लोराइड द्राक्ष, संत्री, सुपारी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. बुरशीनाशक म्हणून ते फवारतात. त्यात सुमारे ६० टक्के तांबं असतं आणि थोडा क्लोरिन आधीच जोडलेला असतो. त्यामुळे ते निळ्याला सोयीचं वाटतं, पण हा क्लोरिन पुरत नाही, वरून आणखी द्यावाच लागतो. शेतीसाठी विकलेल्या भुकटीत पाण्यात नीट मिसळावी म्हणून इतर पदार्थही घातलेले असतात. स्टारच्या मिश्रणात त्यांचं काही काम नसतं.

मग थेट कॉपर क्लोराइडच का घेऊ नये? त्यात हवं असलेलं सगळंच आहे! पण नेहमी मिळणारं कॉपर क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं, ओलं झालं की आम्लधर्मी होतं आणि आसपासच्या धातूंना खातं. क्लोरिन कमी असलेला त्याचा दुसरा प्रकार दमट हवेत आपोआप बदलत जातो. महिनाभर गोदामात पडून राहणाऱ्या मालासाठी दोन्ही बिनकामाचे.

तांबं आणि इंधन एकाच रेणूत आणण्याचाही प्रयत्न झाला आहे. कॉपर बेंझोएट जळतंही आणि तांबंही देतं, त्याची ज्वाळा फार तापत नाही आणि निळा स्वच्छ येतो. मात्र ते काळ्या भुकटीइतकं सहज आणि स्वस्त मिळत नाही.

मोरचूद आणि क्लोरेट: इथे जीव जातो

यादीतून मोरचूद मुद्दाम मागे ठेवलं, कारण त्याच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं. मोरचूद गावोगाव मिळतं. बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी ते चुन्याबरोबर कालवतात. शाळेत त्याच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवण्याचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. निळ्या रंगाच्या दारूत ते एकेकाळी सर्रास घालत. ते का सोडलं, हे कळायला हवं.

मोरचूदाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. वजनाच्या ३६ टक्के नुसतं पाणी, आणि तांबं फक्त सुमारे २५ टक्के. हे पाणी ज्वाळा थंड करतं आणि हायड्रोजन पुरवून हिरव्याला मदत करतं. पण हा झाला लहान दोष. मोठा दोष असा, की ओलावा लागला की मोरचूद आम्लधर्मी वागतं.

आता दुसऱ्या बाजूला पोटॅशियम क्लोरेट. दारू जळायला हवेतला ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून मिश्रणातच ऑक्सिजन देणारा पदार्थ घालतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले याने १७८० च्या दशकात पोटॅशियम क्लोरेट शोधलं आणि रंगीत दारूचं युग शक्य झालं, कारण ते ऑक्सिजनही देतं आणि क्लोरिनही. त्यापूर्वीची दारू सोनेरी आणि पांढऱ्यापलीकडे फारशी जात नव्हती. पण १७८८ मध्ये पॅरिसजवळच्या एसोन इथे सोऱ्याऐवजी क्लोरेट वापरून बंदुकीची दारू करून बघताना स्फोट झाला आणि माणसं मेली. क्लोरेटचा स्वभाव जगाला तिथेच दिसला होता. घासलं, आपटलं, आम्ल लागलं की ते बिथरतं.

मोरचूद आणि क्लोरेट दमट मिश्रणात शेजारी आले की आम्ल आणि क्लोरेट समोरासमोर येतात. त्यातून अतिशय संवेदनशील पदार्थ बनतात आणि मिश्रण कुणी हात न लावताही पेट घेऊ शकतं. मोरचूदाच्या जागी अमोनिया जोडलेले तांब्याचे क्षार वापरून आम्लावर तोड काढायचा प्रयत्न झाला. पण अमोनियमचा क्षार आणि क्लोरेट एकत्र आले की अमोनियम क्लोरेट बनण्याची भीती असते, आणि ते आपल्या आपण विघटन पावून फुटू शकतं. गंधकाचीही हीच गत. गंधकात आम्लाचा अंश असतो, आणि क्लोरेट-गंधकाचं मिश्रण जराशा घर्षणाने उडतं. ब्रिटनने अशा मिश्रणावर १८९४ मध्ये बंदी घातली. भारतात ती २७ जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने आली. मधल्या जवळपास शंभर वर्षांत आपल्या कारखान्यांत किती हात आणि डोळे गेले असतील, या विचाराने राग येतो.

धातूच्या भुकटीचा धोकाही इथेच सांगायला हवा. शाळेच्या त्या प्रयोगात खिळ्यावर तांबं चढतं, कारण लोखंड तांब्याला क्षारातून बाहेर ढकलतं. मॅग्नेशियम हेच काम फार जोरात करतं आणि उष्णता सोडतं. तांब्याचा क्षार, मॅग्नेशियमची भुकटी आणि थोडी ओल एकत्र आली की मिश्रण आतून तापू लागतं. त्यामुळे निळ्या स्टारमधून मॅग्नेशियम वगळण्यामागे नुसता रंग नाही, सुरक्षितताही आहे.

आज निळ्यासाठी बहुधा पोटॅशियम परक्लोरेट किंवा अमोनियम परक्लोरेट वापरतात. परक्लोरेट क्लोरेटपेक्षा पुष्कळ शांत. अमोनियम परक्लोरेट जळताना स्वतःच भरपूर क्लोरिन सोडतं, म्हणून त्याचा निळा सगळ्यात शुद्ध मानला जातो. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यातलं घन इंधन याच पदार्थावर चालतं. पण त्यालाही क्लोरेटच्या जवळपास फिरकू द्यायचं नसतं, कारण वर सांगितलेली अमोनियम क्लोरेटची भीती तिथेही आहेच.

हे सगळं वाचून कुणाला घरी करून बघावंसं वाटू नये. विस्फोटक कायदा १८८४ आणि २००८ चे विस्फोटक नियम यांच्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि त्या नियमांमागे वर सांगितलेले अपघात उभे आहेत.

आर्सेनिक आणि पारा फटाक्यात गेलेच कशाला?

रंगासाठी. एकोणिसाव्या शतकात पॅरिस ग्रीन नावाचं हिरवंगार रंगद्रव्य युरोपात लोकप्रिय झालं. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. भिंतीवर लावायच्या कागदापासून ते बटाट्यावरच्या किडीच्या औषधापर्यंत ते सगळीकडे वापरलं गेलं. त्यात तांबं आहे, पाणी नाही, आणि त्याची ज्वाळा सुंदर निळी येते. पण वजनाच्या सुमारे ४४ टक्के आर्सेनिक! मिश्रण चाळणाऱ्या कामगाराच्या नाकातोंडात ती धूळ जायची, आणि दारू जळाल्यावर आर्सेनिकचा धूर खाली गर्दीवर यायचा.

पारा आला क्लोरिनच्या वाटेने. पीव्हीसी येण्यापूर्वी क्लोरिन पुरवायला कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं एक क्लोराइड, वापरत. निळा त्यानेही छान यायचा, आणि पाऱ्याची वाफ हवेत जायची. पुढे हेक्झाक्लोरोबेंझीन आलं. ते वर्षानुवर्षं मातीत आणि शरीरात टिकतं, म्हणून स्टॉकहोम कराराने जगभर निषिद्ध केलेल्या पदार्थांत त्याचा समावेश झाला. निळ्या रंगाच्या मागे लागून विषारी पदार्थ एकामागून एक वापरले गेले आणि एकामागून एक सोडावे लागले.

काही जण म्हणतात की बंदीमुळे रंग गेले. निळ्याच्या बाबतीत हे पटत नाही. काळं कॉपर ऑक्साइड, परक्लोरेट आणि क्लोरिन देणारं प्लास्टिक यांतून उत्तम निळा येतो, आणि आर्सेनिक-पाऱ्याची गरज पडत नाही. त्यासाठी शुद्ध माल, नीट मोजमाप आणि सवड लागते, आणि स्वस्त मालाच्या घाईत नेमकी तीच मिळत नाही.

मग आताचा निळा निर्धोक आहे का?

पूर्ण नाही. वायर जाळण्याचं उदाहरण इथे पुन्हा कामाला येतं. तांबं, क्लोरिन आणि कार्बन एकत्र जळले की डायॉक्सिन नावाच्या अत्यंत विषारी पदार्थांचा थोडा अंश बनू शकतो, आणि तांबं त्या बनण्याला हातभार लावतं. परक्लोरेट पाण्यात विरघळतं, पिण्याच्या पाण्यात गेलं तर थायरॉइड ग्रंथीला आयोडीन मिळण्यात अडथळा आणतं. तांबं स्वतः माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना घातक आहे. तळ्याकाठी किंवा नदीवर मोठं दारूकाम ठरवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

नागपूरच्या नीरी संस्थेच्या पुढाकाराने कमी प्रदूषण करणारे फटाके तयार झाले. नेहमीच्या फटाक्यांपेक्षा त्यांतून किमान ३० टक्के कमी धूळकण निघावेत असा निकष आहे. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालयही नागपुरातच आहे. डब्यावर या दोघांच्या नावाची खूण आणि क्यूआर कोड असतो, तो मोबाइलवर तपासून बघावा. पण ३० टक्के कमी म्हणजे शून्य नव्हे, हेही लक्षात असू द्यावं.

क्लोरिन टाळून निळा मिळेल का?

यावर काम चालू आहे. म्युनिकच्या विद्यापीठातल्या थॉमस क्लापोट्के यांच्या गटाने २०१४ मध्ये तांबं आणि आयोडीनची जोडी वापरून क्लोरिनशिवाय निळी ज्वाळा दाखवली. पुढच्या वर्षी तांबं आणि ब्रोमिनच्या जोडीवरचं काम आलं. दोन्हींचा निळा चांगला आहे. आयोडीनची संयुगं महाग पडतात, आणि हजारो स्टारच्या उत्पादनात हा भाव जाणवतो. इंडियम हा धातू ४५१ नॅनोमीटरवर स्वच्छ निळा प्रकाश देतो, पण मोबाइल आणि टीव्हीच्या पडद्यांसाठी लागणारा हा धातू फटाक्यात जाळणं कुणाला परवडणार?

त्यामुळे निदान सध्या तरी तांबं आणि क्लोरिन यांनाच पर्याय नाही. पुढच्या वेळी दारूकाम बघाल तेव्हा निळ्याची पारख करायला सुरुवातीचे पाच-दहा मिनिटांचे बार बघा, हवेत धूर साठण्याआधीचे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. सोनेरी किंवा चमकणाऱ्या पांढऱ्याबरोबर फुटलेल्या निळ्यावरून मत बनवू नका, कारण त्या उजेडात चांगला निळाही फिका पडतो. निळा एकटा फुटू द्या. पेटल्यापासून विझेपर्यंत त्याची छटा तीच राहिली, मध्येच हिरवट किंवा गुलाबी झाली नाही, तर करणाऱ्याने ताव बरोबर सांभाळला आहे. जांभळाही बघा. तो लाल स्ट्रॉन्शियम आणि निळं तांबं मिळून बनतो आणि त्यात निळा कमी पडला की लगेच गुलाबीकडे झुकतो.